भिंतीतली सैल गिट्टी

झोपायच्या खोलीतल्या खिडकीवर पडद्याची जी दांडी आहे, तिचे उजवीकडचे ब्रॅकेट गेल्या दोन वर्षांत तीनदा भिंतीतून सुटून लोंबकळू लागले, आणि तिन्ही वेळा मी एकच उपाय केला. प्लग, म्हणजे स्क्रूला भिंतीत पकड देणारी नळी, परत भोकात खुपसला, त्याच्या कडेने आगपेटीच्या दोन-तीन काड्या गुल उडवून ठोकल्या, त्यांवर स्क्रू आवळला आणि काम झाले असे समजून स्टूल उचलून ठेवले. पहिली दुरुस्ती सात-आठ महिने टिकली, दुसरी चार आणि तिसरी जेमतेम सहा आठवडे. चौथ्यांदा ब्रॅकेट हातात आले, तेव्हा मी काड्या न शोधता टॉर्च आणली आणि त्या भोकात डोकावून पाहिले. इतक्या दिवसांत मी प्लगकडे आणि स्क्रूकडे पाहत होतो, पण बिघाड ज्या भोकात होता त्याच्याकडे एकदाही नीट पाहिले नव्हते.

ज्याला दुकानात वॉल प्लग किंवा रॉल प्लग म्हणतात, त्याला कारागीर सहसा गिट्टी म्हणतात. खडीलाही आपण गिट्टीच म्हणतो, त्यामुळे भिंतीत गिट्टी मारायची म्हणजे नक्की काय करायचे, हा घोळ ज्याने पहिल्यांदा ऐकले त्याचा होतोच. रॉल प्लग हे नाव मात्र माणसावरून आले आहे. जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज कंत्राटदाराला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींना फारशी इजा न करता विजेची जोडणी बसवायची होती. त्या काळची पद्धत अशी, की छिन्नीने भिंतीत चांगला मोठा खड्डा खणायचा, त्यात लाकडाचा ठोकळा ठोकायचा आणि मग त्या लाकडात स्क्रू फिरवायचा. रॉलिंग्जने त्याऐवजी तागाच्या धाग्याची बारीक नळी केली. ते धागे चिकटून राहावेत म्हणून सरस किंवा जनावराचे रक्त वापरले जाई. या प्लगचे पेटंट त्याने 1911 च्या सुमारास घेतले. आपण आज वापरतो तो नायलॉनचा, टोकाला चिरलेला आणि अंगावर दाते असलेला प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी 1958 मध्ये तयार केला. ताग जाऊन नायलॉन आले, तरी आतली युक्ती तीच राहिली. स्क्रू आत जाताना प्लगला फाकवतो, फाकलेला प्लग भोकाच्या भिंतीवर दाब देतो आणि त्या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणावर सगळा भार पेलला जातो.

हे घर्षण मिळण्यासाठी प्लगला दाबायला काहीतरी टणक लागते, आणि सैल गिट्टीच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. भोक प्लगपेक्षा मोठे झाले असेल, किंवा प्लगभोवती वीट नसून नुसता गिलावा असेल, किंवा भोकात भुकटी साचली असेल, तर प्लग कितीही चांगला असला तरी तो हवेत किंवा पिठात फाकतो. माझ्या काड्या त्या वाढलेल्या भोकाची जागा भरत होत्या हे खरे, पण आगपेटीच्या काडीचे लाकूड मऊ असते. पडदा ओढताना बसणाऱ्या प्रत्येक हिसक्याबरोबर ते थोडे चेपते, आणि चेपलेले लाकूड परत फुगून पूर्वीसारखे होत नाही. शिवाय काडी ठोकताना भोकाच्या कडा आणखी थोड्या कुरतडल्या जातात. म्हणून प्रत्येक दुरुस्ती आधीच्यापेक्षा कमी दिवस टिकली. काड्यांना मी सरसकट नावे ठेवणार नाही. हलकी तसबीर टांगायची असेल तर काडी वर्षानुवर्षे चालते, कारण तसबिरीचे वजन भिंतीला समांतर, खाली ओढते आणि स्क्रूला बाहेर खेचणारा जोर फारच थोडा असतो.

पडद्याच्या दांडीचे गणित वेगळे आहे. माझी दांडी भिंतीपासून साधारण 10 सेंटीमीटर पुढे आहे, आणि ब्रॅकेटला एकाखाली एक असे दोन स्क्रू आहेत, त्यांच्यात 5 सेंटीमीटर अंतर. दांडी आणि पडदे मिळून एका ब्रॅकेटवर 4 किलो भार येतो असे धरले, तर ब्रॅकेट खालच्या स्क्रूपाशी भिंतीला टेकते आणि वरचा भाग भिंतीपासून सुटू पाहतो. 4 गुणिले 10 भागिले 5, म्हणजे वरच्या स्क्रूला बाहेर खेचणारा जोर 8 किलोच्या वजनाएवढा, प्रत्यक्ष भाराच्या दुप्पट. पडदा झटकन ओढला की त्यात आणखी भर पडते. माझा नेहमी वरचाच प्लग बाहेर यायचा आणि खालचा निमूटपणे जागेवर असायचा, याचा उलगडा मला कागदावर हे तीन आकडे मांडल्यावर झाला. तुमच्या घरचे ब्रॅकेट निघाले असेल तर आधी कोणता स्क्रू सुटला ते पाहावे. वरचा सुटला असेल तर भार बाहेर खेचतो आहे आणि तिथे प्लगची पकड खोलवर हवी. खालचा सुटला असेल तर बहुधा भोकच मुळात वाईट पडलेले असते.

दुसरी खूण स्क्रू फिरवताना हाताला कळते. स्क्रू फिरतो पण प्लग जागेवर स्थिर आहे, आणि आवळताना कधीच घट्टपणा लागत नाही, असे झाले तर प्लगच्या आतले आटे झिजलेले असतात. अशा वेळी प्लगला झेपेल इतपत एक नंबर जाड स्क्रू लावला की काम भागते, कारण भोक अजून शाबूत असते. स्क्रूबरोबर प्लगही गोल फिरत असेल तर भोक मोठे झाले आहे. प्लगच्या अंगावरचे छोटे पंख त्याने फिरू नये म्हणूनच असतात, पण त्यांना टेकायला काहीच उरलेले नसते. आणि प्लग बाहेर येताना सोबत गिलाव्याचा शंकूसारखा तुकडा घेऊन आला, तर प्लग विटेपर्यंत पोहोचलाच नव्हता. बोटाच्या पेराने आजूबाजूला ठोकून पाहावे. भद्द असा पोकळ आवाज आला तर गिलावाच विटेपासून सुटलेला आहे, आणि मग प्लगचा विचार बाजूला ठेवून आधी तेवढा गिलावा काढून नवा करावा लागतो.

जुना प्लग काढायची सोपी रीत अशी, की त्यात स्क्रू दोन-तीन फेरे फिरवायचा, पक्कडीने स्क्रूचे डोके धरायचे आणि हलकेच डावी-उजवीकडे न हलवता सरळ ओढायचे. हलवत ओढले की भोकाचे तोंड आणखी फाकते. माझा प्लग अर्थात न ओढताच निघाला. मग एका बारीक तारेचे टोक मी काटकोनात वाकवले आणि ते भोकात आतून फिरवून पाहिले. तोंडापाशी भोक 9-10 मिलिमीटरचे होते आणि आत गेल्यावर निमुळते होत 6 वर आले होते, अगदी नरसाळ्यासारखे. वाकवलेले टोक आतून बाहेर ओढताना एका ठिकाणी अडखळत होते, ती गिलाव्याची आतली कड. तिथे तारेवर नखाने खूण केली आणि पट्टीवर मोजले, तर गिलावा तब्बल 20 मिलिमीटर जाड निघाला. घरातल्या भिंतीचा गिलावा साधारण 12 ते 15 मिलिमीटरचा असतो, पण खिडकीच्या वर ओळंबा सांभाळण्यासाठी गवंड्याने तो वाढवलेला असणार. आता जुना प्लग होता 6 मिलिमीटर जाडीचा आणि 30 मिलिमीटर लांबीचा, आणि त्याचे तोंड गिलाव्याच्या पृष्ठभागाशी बरोबर टेकवलेले. म्हणजे 30 पैकी 20 मिलिमीटर गिलाव्यात आणि विटेत फक्त 10. एवढा भार ते 10 मिलिमीटर दोन वर्षे कसे पेलत होते याचेच मला नवल वाटले.

गिलावा भार घेत नाही, हे वाक्य मी पूर्वी अनेकदा ऐकले होते आणि त्याचा अर्थ गिलाव्यात प्लग मारू नये एवढाच घेतला होता. त्याचा खरा अर्थ असा, की प्लगची सगळी लांबी गिलाव्याच्या पलीकडे विटेत बसली पाहिजे, आणि त्यासाठी प्लग पृष्ठभागापासून आत सरकवावा लागला तरी चालेल, नव्हे, तो सरकवावाच. उलट प्लगचा फाकणारा भाग गिलाव्यात राहिला तर तो गिलाव्याला आतून चीर पाडतो. मात्र प्लग आत सरकवला की स्क्रूची लांबी वाढते, आणि इथे पुष्कळ जण चुकतात. माझा हिशोब असा झाला: ब्रॅकेटचा पत्रा 3 मिलिमीटर, गिलावा 20, नवा प्लग 8 मिलिमीटर जाडीचा आणि 40 लांबीचा, आणि स्क्रूचे टोक प्लगच्या बाहेर निदान त्याच्या जाडीइतके, म्हणजे सुमारे 5 मिलिमीटर यायला हवे, तरच प्लग शेवटपर्यंत फाकतो. बेरीज 68. बाजारात मिळणारा त्याच्या पुढचा स्क्रू 70 मिलिमीटरचा. जुना स्क्रू 35 चा होता. भोक याहून थोडे खोल लागते, नाहीतर स्क्रूचे टोक तळाला टेकते आणि आवळण्याऐवजी प्लगलाच मागे ढकलू लागते. म्हणून मी ड्रिलच्या बिटवर, म्हणजे भोक पाडणाऱ्या सळईवर, 75 मिलिमीटरवर इन्सुलेशन टेपची गुंडाळी केली.

प्लग, बिट आणि स्क्रू यांची जोडी जमवणे अवघड नाही. 6 च्या प्लगला 6 चे बिट आणि 4 ते 5 मिलिमीटरचा स्क्रू, 8 च्या प्लगला 8 चे बिट आणि साडेचार ते 6 मिलिमीटरचा स्क्रू. बारीक स्क्रू घेतला तर प्लग पुरेसा फाकत नाही, फार जाड घेतला तर आत जाताना तो प्लगला फाडतो किंवा विटेलाच तडा देतो.

ड्रिल लावण्याआधी एक खात्री करून घ्यावी. स्विचच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत विजेच्या तारा असण्याची शक्यता मोठी असते, आणि न्हाणीघराच्या भिंतीत पाण्याचे नळ असतात. खिडकीच्या वरच्या बाजूला अनेकदा काँक्रीटची लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, असते, ती लागली तर वेगळाच प्रसंग. चष्मा डोळ्यांवर चढवावा, कारण विटेची कणी डोळ्यात गेली की बाकीचे सगळे गणित विसरायला होते.

मी भोकाच्या अगदी खाली एक कागद पन्हाळीसारखा दुमडून टेपने चिकटवला, तो मूळचा पसारा कमी करण्यासाठी, पण त्याचा खरा उपयोग पुढे झाला. बिटबरोबर बाहेर येणारी भुकटी त्यात थरांनी साचत जाते आणि भिंतीच्या पोटात काय आहे ते सांगते. आधी पांढरी आली, ती रंगाची आणि पुट्टीची. मग करडी, ती सिमेंटच्या गिलाव्याची. 20 मिलिमीटरच्या आसपास ड्रिलचा आवाज बदलला, हाताला किंचित जास्त रेटा लागू लागला आणि भुकटी विटकरी लाल झाली. लाल रंग दिसला की जीव भांड्यात पडतो. भुकटी शेवटपर्यंत करडीच राहिली आणि बिट फार जोर न लावता भसाभस आत गेले, तर ते दोन विटांमधल्या सांध्यात शिरले आहे. भुकटी करडी आहे पण बिट जागेवरून हलत नाही, तर समोर काँक्रीट आहे. आणि पांढुरकी, हलकी, खडूसारखी भुकटी भराभर पडू लागली तर ती एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची, भिंत असते. तिथे ड्रिलचा हॅमर, म्हणजे फिरताना ठोके देण्याची सोय, बंद करावा आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारा वेगळा प्लग घ्यावा, कारण साधा प्लग त्या मऊ अंगात नीट धरत नाही. पोकळ विटेतही हॅमर चालवू नये. आतला पातळ पडदा फुटतो आणि मागे मोठे बिळ तयार होते.

जुने भोक मोठे करताना एक गोष्ट सांभाळावी लागते. बिट आपल्या मनाने जुन्या वाकड्या वाटेने जाऊ पाहते, आणि आपण त्याला सोडले तर नवे भोकही जुन्याइतकेच वेडेवाकडे होते. म्हणून मी सुरुवातीला हॅमर बंद ठेवून, कमी वेगाने, ड्रिल भिंतीला काटकोनात धरून तोंड सरळ करून घेतले, आणि विटेत शिरल्यावरच हॅमर चालू केला. मधून मधून बिट फिरते ठेवून बाहेर काढले, म्हणजे भुकटी ओढून निघते. भोक पडल्यावर बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने आत तीन-चार वेळा घासले आणि एका नळीने फुंकून साफ केले. फुंकताना तोंड बाजूला आणि डोळे मिटलेले असावेत. पहिल्या फुंकरीला सगळी लाल धूळ माझ्याच कपाळावर आली, म्हणून हे सांगतो. ही साफसफाई बहुतेक जण टाळतात. भोकाच्या भिंतीवर भुकटीचा थर राहिला तर प्लग विटेला न धरता त्या भुकटीला धरतो, आणि भुकटी भिंतीला कधीच धरत नाही.

नवा प्लग हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांत आत गेला, मग खिळ्याच्या बोथट टोकाने तो आणखी 20 मिलिमीटर सरकवला. प्लग अंगठ्याच्या दाबाने सहज आत जात असेल तर भोक मोठे आहे, आणि हातोडीच्या जोरदार घावाशिवाय हलतच नसेल तर बारीक आहे. हे दोन्हींच्या मधले, थोडे कुरकुरत जाणे, हाताला आवडू लागते.

वरचे भोक असे मार्गी लागले, तेव्हा वाटले की खालचेही लगे हात करून टाकावे. तिथे भुकटी लाल झालीच नाही. 5 सेंटीमीटर खाली बरोबर सांधा होता. सांध्यातला मसाला इतका भुसभुशीत, की बिट बाहेर काढले तेव्हा भोक 8 ऐवजी 11-12 मिलिमीटरचे आणि कडा झडलेल्या. यात आणखी जाड प्लग मारता आला असता, पण भुसभुशीत मसाल्यात फाकणारी कोणतीही वस्तू तो आणखी झडवतेच. ब्रॅकेट बाजूला सरकवायचा विचार केला, पण नवे भोक जुन्यापासून निदान त्याच्या खोलीइतके लांब असावे, नाहीतर मधली पातळ वीट फुटते, आणि त्या बाजूला तेवढे सरकले तर खिडकीची कड फार जवळ येत होती. कडेजवळ प्लग फाकला तर विटेचा कोपराच उडतो.

अशा भोकात प्लग फाकवण्याऐवजी चिकटवणे बरे. सिमेंटने भरता येते, पण त्याआधी भोक पाण्याने नीट भिजवावे लागते, कारण कोरडी वीट सिमेंटमधले पाणी शोषून घेते आणि आत नुसती राख उरते. पुन्हा सिमेंट सुकताना किंचित आकसते आणि त्याची ताकद सावकाश वाढते, सात दिवसांनीही ती 28 दिवसांच्या ताकदीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असते. पीओपी उलट घट्ट होताना जरासे फुगते, म्हणून हलक्या कामाला ते चांगले, पण ओल लागली की नरम पडते. गिझर, जड कपाट किंवा पंखा अशा कामांसाठी केमिकल अँकर असतो. नळीतून राळ भोकाच्या तळापासून भरत यायची, सुरुवातीचा दोन रंग वेगळे दिसणारा भाग टाकून द्यायचा, आटे असलेली सळई फिरवत आत घालायची आणि सांगितलेला वेळ तिला हात लावायचा नाही. पोकळ विटेत त्यासाठी जाळीची नळी आधी बसवतात, नाहीतर सगळी राळ पोकळीत वाहून जाते. पडद्याच्या दांडीच्या खालच्या स्क्रूसाठी हे सगळे म्हणजे माशी मारायला तोफ झाली असती.

मी इपॉक्सी पुट्टी, म्हणजे दोन भाग एकत्र मळले की टणक होणारा लगदा, वापरली. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळले, त्याची शेवयांहून जाडसर वळी केली आणि पेन्सिलीच्या बोथट बाजूने ती तळापासून ठासत आणली. प्लगच्या आतल्या टोकावर टेपचा तुकडा गुंडाळला, म्हणजे पुट्टी त्याच्या पोटात शिरणार नाही, आणि मग प्लग त्या ओल्या पुट्टीत दाबून बसवला. बाहेर आलेला ऐवज लगेच ओल्या फडक्याने पुसला. पुट्टी प्लगच्या दात्यांत आणि झडलेल्या मसाल्याच्या खाचांत शिरते आणि दोन्हींना एकत्र पकडते. ती पहिल्या तासाभरातच टणक वाटू लागते, आणि तेव्हाच स्क्रू आवळायचा मोह होतो. मी दुसऱ्या दिवसापर्यंत स्क्रू ड्रायव्हर कपाटात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ब्रॅकेट लावले. स्क्रू मशीनने न आवळता हाताने आवळले, कारण प्लास्टिकचे आटे मशीनच्या एका झटक्यात कापले जातात. वरचा स्क्रू शेवटाकडे येताना फेऱ्यागणिक जड होत गेला, आणि ब्रॅकेटचा पत्रा भिंतीला टेकल्यावर मी पाव फेरा देऊन थांबलो. कधी पुढे स्क्रू काढून परत लावावा लागला, तर आधी तो उलटा फिरवावा. एका जागी अगदी बारीकशी टक् जाणवते, तिथे तो जुन्या आट्यात बसलेला असतो. तिथून सरळ फिरवला की प्लगमध्ये दुसरे आटे पडत नाहीत आणि पकड तशीच राहते.

दांडी चढवण्याआधी पाण्याने भरलेली पाच लिटरची बरणी दोरीने ब्रॅकेटच्या पुढच्या टोकाला टांगून रात्रभर तशीच ठेवली, आणि वरच्या कडेशी पेन्सिलीने भिंतीवर बारीक रेघ मारली. सकाळी ब्रॅकेट आणि रेघ यांच्यात कागदाची कडसुद्धा जात नव्हती. आता डावीकडचे ब्रॅकेट उरले आहे. ते अजून हलत नाही, पण त्याचा स्क्रू मी काढून पाहिला, तोही 35 मिलिमीटरचाच आहे.